मोरपिशी साडी आणि दिवाळीची वही

श्रोतेहो, नमस्कार.

सध्या पितृपंधरवडा चालू आहे आणि मी दिवाळीच्या भेटवस्तूंबद्दल बोलायला आले आहे. काहींना हे फार लवकर वाटेल. पण जरा दिवस मोजून बघा. लक्ष्मीपूजनाला आता पाच आठवडे उरलेत आणि दसरा झाला की जेमतेम वीस दिवस. त्यातले शेवटचे चार, म्हणजे बोनस हातात पडल्यानंतरचे, आपण बहुतेकजण बाजारात काढतो. दोन्ही हातांत पिशव्या, बरोबर कंटाळलेलं मूल, आणि डोक्यात घोळत असतं, आता धाकट्या नणंदेला काय घ्यायचं?

हे घरीच ठरलेलं असलं, कुणाला काय हे नक्की असलं, तर पुण्यातल्या लक्ष्मी रोडच्या गर्दीतही जीव घाबरा होत नाही. आकाशकंदिलांच्या माळा, रांगोळीच्या रंगांचे ढीग, पणत्यांच्या पाट्या, सगळं निवांत बघता येतं. हे मला फार उशिरा कळलं, आणि कळलं ते एका साडीमुळे.

माझ्या मावशीचे यजमान गेले, त्यानंतरच्या दिवाळीत तिला नातेवाइकांकडून पाच साड्या आल्या. पाचही फिक्या. राखाडी, बदामी, फिका जांभळा. त्यातली एक माझी होती. धनत्रयोदशीच्या आदल्या संध्याकाळी, दुकान बंद व्हायच्या बेताला घेतलेली. विक्रेत्याने विचारलं, कुणासाठी? मी सांगितलं. त्याने एक गठ्ठा पुढे सरकवला आणि मी त्यातली वरची उचलली. दोन वर्षांनी मावशीच्या कपाटातून पांघरूण काढताना ती साडी माझ्या हाती लागली. घडी मोडलेली नव्हती, दुकानातली टाचणीसुद्धा जागच्या जागी होती. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "अगं, साडी चांगलीच आहे. पण रंग कुणी विचारलाच नाही मला. मला मोरपिशी आवडतो, पहिल्यापासून."

त्या दिवशी परतीच्या एसटीत मी वही सुरू केली.

साधी शंभर पानी वही आहे. एका माणसाला एक पान. पहिलं पान मावशीचं: "मोरपिशी. सुती हवी, रेशीम टोचतं. बांगडी दोन-सहा. काचेची चालते, विचारलं आहे." यातलं "विचारलं आहे" हे मी मुद्दाम अधोरेखित केलं. नवरा गेलेल्या बाईला काय चालतं आणि काय चालत नाही, हे तिला सोडून बाकी सगळे ठरवतात. मे २०२२मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने ग्रामसभेत ठराव करून विधवा प्रथा बंद केल्या, तेव्हा मला त्या पाच फिक्या साड्या आठवल्या. आपल्या घरातली ही प्रथा मोडायला ठराव लागत नाही. बाजारात जाण्याआधी तिलाच फोन करायचा.

आता ते दोन-सहा काय, हेही सांगते, कारण बांगड्या भेट देताना हमखास चूक होते. कासाराकडे माप सांगतात दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ. यातला पहिला आकडा इंचांचा आणि दुसरा आण्यांचा. रुपयाचे जसे सोळा आणे, तसे इंचाचेही सोळा भाग. म्हणजे दोन-चार ही आतून सव्वादोन इंचांची, आणि दोन-आठ अडीच इंचांची. माप कळायला सोपा मार्ग म्हणजे त्या व्यक्तीची रोजच्या वापरातली एक बांगडी घ्यायची, पट्टीवर आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत धरायची आणि आकडा वहीत टिपायचा. गुडघेदुखी, नवीन चष्मा, घरात आलेलं बाळ, मोडलेला मिक्सर, बोलता बोलता कानावर पडलेलं सगळं माझ्या वहीत जातं. दिवाळी जवळ आली की मला काही आठवत बसावं लागत नाही.

या पंधरवड्यात नवी खरेदी करू नये असं आपल्याकडे पुष्कळ घरांत पाळतात. माझ्या सासूबाईही पाळतात, आणि मी त्यांचं मन मोडत नाही. पण बघायला कुणाची मनाई आहे? या दिवसांत दुकानं रिकामी असतात. विक्रेत्याला बोलायला वेळ असतो, चार साड्या उलगडून दाखवायचा कंटाळा नसतो. मी किमती टिपून ठेवते आणि घटस्थापनेनंतर नेमकी ती वस्तू उचलते. पुण्यातल्या श्रोत्यांसाठी एक सांगते, २०२४च्या सप्टेंबरअखेर मंडईपर्यंत मेट्रो सुरू झाली, तेव्हापासून मी तुळशीबागेत गाडी नेणं बंद केलं. खरेदीतला निम्मा वैताग गाडी लावायच्या जागेचा होता.

साडीबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथेच जातात. भाऊबीजेला बहिणीच्या हातात साडी ठेवली, तर ती त्या दिवाळीत तिला नेसता येत नाही. ब्लाउज शिवायचा असतो, फॉल-पिको करायचा असतो, आणि दसरा झाला की शिंपी "दिवाळीच्या ऑर्डरी बंद" अशी पाटी लावतो. त्यामुळे साडी द्यायची असेल तर नवरात्रात द्या. ओवाळणी भाऊबीजेला घालाच, पण साडी आधी पोचू द्या. मी हे करायला लागले तेव्हा माझी वहिनी पहिल्यांदा, मी दिलेली साडी नेसून पाडव्याला माझ्या भावाला ओवाळायला बसली. तो फोटो मी वहीतच चिकटवला आहे.

पैठणी घेणार असाल तर पदर उलटा करून बघा. हातमागावरच्या पैठणीच्या पदरावरचे मोर, वेली मागूनही जवळजवळ तशाच दिसतात. यंत्रमागावरची असेल तर मागच्या बाजूला सुटे धागे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. यंत्रमागाची घेऊ नका असं मी म्हणत नाही. पण हातमागाची किंमत मोजून ती घेऊ नका. आणि येवल्याच्या विणकराकडून हातमागावर विणून घ्यायची असेल, तर तिला कित्येक आठवडे लागतात, नक्षी भरगच्च असली तर महिने. ती चौकशी श्रावणातच करायला हवी. तांब्या-पितळेचंही तसंच. पुण्याच्या तांबट आळीत आजही हाताने ठोकून भांड्यांवर मठारकाम करतात. नव्या संसाराला तसा एखादा हंडा किंवा तांब्या द्यायला मला फार आवडतं, पण तो आधी सांगून ठेवावा लागतो.

पाडव्याला बायकोसाठी सोनं घेणाऱ्यांना एवढंच सांगेन की दागिन्यावरचं बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि एचयूआयडी नावाचा सहा अक्षर-अंकांचा क्रमांक बघा. १ एप्रिल २०२३पासून हा क्रमांक सक्तीचा आहे, अगदी हलक्या वस्तूंसारखे काही अपवाद सोडले तर. बीआयएस केअर या अ‍ॅपवर तो घालून तिथल्या तिथे तपासता येतो. सराफ ओळखीचा असला तरी तपासा, आणि पक्कं बिल घ्या.

बिलाचं सगळ्याच खरेदीला लागू आहे. "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" हे वाक्य छापलेलं असलं तरी सदोष वस्तू परत घ्यायला दुकानदार बांधलेला आहे. बिलावर मुदत दिली असेल तर तेवढ्या दिवसांत, नसेल तर तीस दिवसांत. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ तसं सांगतो. मात्र वस्तू चांगली आहे आणि फक्त माप चुकलं, तर बदलून देणं दुकानदाराच्या मर्जीवर असतं. म्हणून पैसे देण्याआधी विचारायचं, "भाऊबीजेनंतर बदलून मिळेल ना?" आणि ते बिलावर लिहून घ्यायचं. तक्रारीची वेळ आलीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

घरबसल्या मोबाइलवरून मागवणाऱ्यांची एक वेगळीच अडचण होते. वस्तू परत करायची मुदत ती घरी पोचल्यापासून मोजतात. तुम्ही शहाणपणाने महिनाभर आधी मागवली, खोकं तसंच कपाटात ठेवलं, आणि भाच्याने भाऊबीजेला उघडलं तर चार्जर चालत नाही. तोवर मुदत संपलेली असते. हे आमच्या घरी घडलं आहे. तो भाचा काही बोलला नाही, नुसता खोक्याकडे बघत राहिला. ते अजून मला टोचतं. खोकं आलं की त्याच दिवशी उघडा, वस्तू चालवून बघा आणि मग कागदात गुंडाळा.

मिठाई मात्र लवकर घ्यायची नसते. सुट्या मिठाईच्या ट्रेवर ती कधीपर्यंत खावी ती तारीख लिहिणं ऑक्टोबर २०२०पासून दुकानांना सक्तीचं आहे, ती वाचा. खव्याची मिठाई ज्या दिवशी द्यायची त्याच दिवशी घेतलेली बरी. तिच्याऐवजी दिवाळी अंक दिला तर मला स्वतःला जास्त आनंद होतो. १९०९मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून चालत आलेली ही आपली मराठी भेट आहे. तीन-चार अंक एकत्र बांधून एकट्या राहणाऱ्या काकांना दिले, तर ते तुळशीच्या लग्नानंतरही पुष्कळ दिवस पुरतात.

आणि पोस्त. घरकामाला येणाऱ्या ताई, सोसायटीचे वॉचमन, कचरा नेणारे दादा, पेपर टाकणारा मुलगा. यांची नावं माझ्या वहीत नातेवाइकांच्या आधी आहेत. त्यांना पाकीट वसुबारसेच्या आधी द्या, रोख द्या. त्यांच्याही मुलांना नवे कपडे घ्यायचे असतात, आणि ते दिवाळीच्या आधीच घ्यावे लागतात. भाऊबीज झाल्यावर उरलेल्या चकल्यांची पिशवी हातात ठेवणं मला बघवत नाही.

पैशांचं शेवटी बोलते, कारण भेटीतलं सगळ्यात अवघड दुखणं तेच आहे. त्यांनी गेल्या वर्षी पैठणी दिली, मग आपण काय द्यायचं? २०२०मध्ये माझ्या धाकट्या भावाचं काम थांबलं. भाऊबीजेला तो आला खरा, पण दारातच घुटमळला. मी पाट मांडला, ताम्हनात निरांजन, सुपारी, अंगठी ठेवली, ओवाळलं. त्याने ताटात अकरा रुपये टाकले आणि मान खाली घातली. त्या संध्याकाळी आम्ही चौघा भावंडांनी मिळून एक रक्कम ठरवली, सगळ्यांत कमी कमावणाऱ्याला सहज झेपेल अशी. त्यापुढे कुणी जायचं नाही. त्याचं काम पुन्हा सुरू झालं तरी आम्ही ती वाढवली नाही. आता तो दारातूनच हाका मारत येतो.

परवा मावशीला फोन केला. आता ती थकली आहे, पण आवाज खणखणीत आहे. म्हटलं, यंदा काय आणू? नेहमीसारखं "काही नको" म्हणाली. मी फोन ठेवला नाही. मग म्हणाली, "खोबऱ्याची किसणी बोथट झालीय गं. बारीक भोकांची बघ, आणि आडवी. उभी माझ्या हातातून निसटते." वहीत लिहून घेतलं आहे. घटस्थापना झाली की मंडईला उतरून तुळशीबागेत जाईन, चार दुकानं बघेन आणि दसऱ्याच्या आत तिला पोचवीन, म्हणजे करंजीचं सारण तिला त्याच किसणीवर करता येईल.

नमस्कार.