तीन पेन्सची पट्टी : व्हर्जिनिया, १७७६ ते १८०२

(पडद्यावर: नदीकाठचा धक्का, तंबाखूची लाकडी पिंपं)

या एका पिंपात साधारण हजार पौंड तंबाखू दाबून भरलेली असे. अशी सोळा पिंपं म्हणजे व्हर्जिनियातल्या पाद्र्याचा वर्षाचा पगार. १६९६ च्या कायद्यानं तो ठरवून दिला होता: १६,००० पौंड तंबाखू, म्हणजे सव्वासात टन.

व्हर्जिनिया ही तेव्हा ब्रिटिश वसाहत होती आणि चर्च ऑफ इंग्लंड तिथलं सरकारी चर्च. प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, बारा प्रतिष्ठितांची समिती असायची, तिला व्हेस्ट्री म्हणत. पाद्र्याचा पगार, चर्चची डागडुजी, गोरगरिबांचा सांभाळ, असा वर्षाचा सगळा खर्च ती मांडायची आणि त्याला करपात्र डोक्यांनी भागायची. जो आकडा येई, ती डोईपट्टी. सोळा वर्षांवरचे पुरुष मोजले जात. गुलामांमधल्या सोळावरच्या बायकाही. त्यांची पट्टी मालकाकडून वसूल होई. भरणारा दुसऱ्या ख्रिस्ती पंथाचा असला, बॅप्टिस्ट, प्रेस्बिटेरियन की क्वेकर, तरी पट्टीत काही फरक पडत नसे. शिवाय पाद्र्याला राहतं घर आणि किमान २०० एकर जमीन, जवळजवळ इनामासारखी. तिला ग्लेब म्हणत.

१७५८ मध्ये पीक बुडालं. तंबाखूचा भाव पौंडाला सहा पेन्सच्या आसपास गेला. विधिमंडळानं मुभा दिली की, तंबाखूऐवजी पौंडाला दोन पेन्स रोख द्या. पाद्र्यांनी थेट इंग्लंडमध्ये दाद मागितली आणि राजानं कायदा रद्द केला. मग बुडालेल्या पगारासाठी दावे लागले. डिसेंबर १७६३ मध्ये हॅनोव्हरच्या कोर्टात ज्युरीनं एका पाद्र्याला भरपाई दिली ती एक पेनी. विरुद्ध बाजूनं बोलत होता पॅट्रिक हेन्री नावाचा तरुण वकील. हे नाव लक्षात ठेवा.

(पडद्यावर: तुरुंगाची गजांची खिडकी)

परवान्याशिवाय उपदेश केला म्हणून बॅप्टिस्ट उपदेशकांना पकडत, पण खटला भरत शांतताभंगाचा. कल्पेपरच्या तुरुंगातून जेम्स आयर्लंड खिडकीच्या गजांआडूनच बाहेरच्या लोकांना उपदेश करत राहिले. जानेवारी १७७४ मध्ये जेम्स मॅडिसननं, पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या व्हर्जिनियातल्या तरुणानं, एका मित्राला कळवलं की, शेजारच्या परगण्यात पाच-सहा जण याच कारणानं तुरुंगात आहेत. पत्रातून त्याचा संताप लपत नाही.

दोन वर्षांनी, जून १७७६ मध्ये, ब्रिटनपासून वेगळं होताना व्हर्जिनियाचा हक्कांचा जाहीरनामा तयार होत होता. जॉर्ज मेसनच्या मसुद्यात धर्माबाबत 'सहिष्णुता' हा शब्द होता. पंचवीस वर्षांच्या मॅडिसननं तो काढायला लावला. सहिष्णुता दाखवणारा वर बसलेला असतो आणि मनात आलं की ती काढूनही घेतो. अंतिम मजकुरात आलं: धर्माचरणाचा सर्वांना समान हक्क. आमच्या मते या सगळ्या लढ्यातली सर्वांत मोलाची दुरुस्ती हीच.

पण शब्द बदलला तरी पट्टी एकदम सुटली नाही. डिसेंबर १७७६ मध्ये इतर पंथीयांना पाद्र्याच्या पगारातून सूट मिळाली. सरकारी चर्चच्या सभासदांवरची पगारपट्टी आधी स्थगित झाली, आणि १७७९ मध्ये कायमची गेली. मात्र गरिबांसाठीची पट्टी व्हेस्ट्री पुढेही सगळ्यांकडून घेतच राहिली. बॅप्टिस्ट उपदेशकानं लावलेल्या लग्नाला तर १७८० पर्यंत कायद्याचा आधारच नव्हता.

१७८४ मध्ये हेन्री परत आला, या वेळी पट्टीच्या बाजूनं. त्याचं विधेयक दिसायला उदार होतं. कर सगळ्यांनी भरायचा, आपला पैसा कुठल्या ख्रिस्ती पंथाच्या उपदेशकाला जावा ते ज्यानं त्यानं सांगायचं, आणि न सांगितल्यास तो शिक्षणाकडे वळवायचा. जॉर्ज वॉशिंग्टनलाही त्यात वावगं वाटलं नाही. विधेयक मंजूर होईलशी चिन्हं होती. पण नोव्हेंबरमध्ये हेन्री गव्हर्नर म्हणून निवडून आला आणि सभागृहातला त्याचा आवाज गेला. २४ डिसेंबरला मॅडिसनच्या गटानं अंतिम वाचन पुढच्या वर्षावर ढकललं: विधेयक छापा, परगण्यांत वाटा, लोकांचं मत घ्या.

१७८५ च्या उन्हाळ्यात मॅडिसननं निनावी निवेदन लिहिलं. त्यात पंधरा मुद्दे. तिसऱ्याचा गाभा असा: जी सत्ता एका धर्मसंस्थेसाठी माझ्याकडून फक्त तीन पेन्स सक्तीनं घेऊ शकते, तीच उद्या मला दुसरी कुठलीही धर्मसंस्था मानायला लावू शकते. बॅप्टिस्टांनी आणि प्रेस्बिटेरियनांनी स्वतःचे अर्ज फिरवले. हजारो सह्या जमल्या, आणि विधेयक मतदानाला न येताच विरून गेलं.

त्याच अधिवेशनात मॅडिसननं थॉमस जेफर्सनचा धर्मस्वातंत्र्याच्या कायद्याचा १७७९ पासून पडून असलेला मसुदा पुढे काढला. जेफर्सन तेव्हा पॅरिसमध्ये. प्रस्तावनेत येशू ख्रिस्ताचं नाव घालण्याची सूचना आली. ती फेटाळली गेली. जानेवारी १७८६ मध्ये कायदा झाला. कुठल्याही पूजास्थानाला किंवा उपदेशकाला आधार देण्याची सक्ती कोणावर होणार नाही, आणि धर्ममतामुळे कोणाचे नागरी हक्क कमी-जास्त होणार नाहीत. ज्या गुलामांची डोकी मोजून पाद्र्याचे पगार निघत होते, ते मात्र गुलामच राहिले.

(पडद्यावर: जुनं विटांचं चर्च, मागे शेत)

जमिनींचा प्रश्न शिल्लक होता. १ जानेवारी १८०२ रोजी राष्ट्राध्यक्ष जेफर्सननं कनेक्टिकटमधल्या डॅनबरीच्या बॅप्टिस्टांना पत्र लिहिलं. धर्मसंस्था आणि राज्य यांच्यामधल्या 'भिंती'चा शब्द त्यातला. त्याच महिन्यात व्हर्जिनियानं ग्लेब विकायचा कायदा केला. चर्चची इमारत आणि दफनभूमी वगळली. पाद्री राहत असेल तिथे हात लावायचा नव्हता. तो वारला किंवा सोडून गेला, की जमीन विकायची आणि पैसा परगण्यातल्या गरिबांकडे द्यायचा.