अंगठा निघतो कधी?

पियानोवर मुलाचं स्केल, म्हणजे सुरांची चढती-उतरती ओळ, अडखळलं की आपण चटकन म्हणतो, ‘बोट चुकलं!’ खरं तर बोट क्वचितच चुकतं. अंगठा उशिरा निघतो.

उजव्या हाताचं सी मेजर घ्या: सी, डी, ई, एफ, जी, ए, बी, सी, सगळ्या पांढऱ्या पट्ट्या. अंगठा म्हणजे एक, करंगळी पाच. एक-दोन-तीन, अंगठा खालून पुढे, मग एक-दोन-तीन-चार-पाच. आकडे मुलं दोन दिवसांत पाठ करतात. पण तिसरं बोट ई वाजवतं, तोवर अंगठा सीपाशीच रेंगाळलेला असतो. मग धावपळ होते, कोपर बाहेर जातं, मनगट वाकतं आणि एफ धपकन आदळतो. म्हणून दुसरं बोट डी दाबत असतानाच अंगठ्यानं हाताखाली सरकायला लागायचं. तिसरं वाजेल तेव्हा तो एफवर टेकलेला हवा.

यासाठी अख्खं स्केल लागत नाही. दुसरं आणि तिसरं बोट सी शार्प, डी शार्प या काळ्या पट्ट्यांच्या जोडीवर ठेवा. अंगठ्यानं एकदा अलीकडचा सी वाजवायचा, एकदा पलीकडचा ई. झाला बोगदा! सहा वर्षांचं मूल यात रमतं. ‘स्केल’ म्हणा, तेच मूल जांभई देतं.

काळ्या पट्ट्यांवर लांब बोटं आपसूक नीट बसतात. पियानोवादक-संगीतकार शोपाँ शिष्यांना आधी पाच काळ्या पट्ट्या असलेलं बी मेजर द्यायचा, सी मेजर त्याला हाताला सगळ्यात अवघड वाटे. आपण उलट करतो, कारण सी मेजर नोटेशनमध्ये वाचायला सोपं. पण लहान मूल कुठे वाचून वाजवतं? त्याला बी मेजर हाताला दाखवून शिकवता येतं.

आणि अंगठा जमत नाही म्हणून मुलावर वैतागू नका. संगीतकार योहान सेबास्टियन बाखच्या तरुणपणी मोठमोठे वादकही, बोटं फार ताणावी लागली तरच अंगठा वापरत. हे त्याच्या मुलानं, कार्ल फिलिप इमॅन्युएलनं, 1753 साली वडिलांच्या हवाल्यानं लिहून ठेवलंय.

आता चौथं बोट. भाषेनंही जिला नाव दिलं नाही, ती अनामिका. सी मेजरच्या एका सप्तकात ती एकदाच येते: उजव्या हाताला बीवर, डाव्याला डीवर. सगळे आकडे घोकून घेण्यापेक्षा एवढंच विचारा, ‘चौथं कुठे?’ ते पक्कं झालं की बाकीची बोटं रांगेत येतात.

दोन्ही हात एकत्र आणायची घाई मात्र नको. आणायचेच तर दोन्ही अंगठे एकाच सीवर ठेवून हात विरुद्ध दिशांना जाऊ द्या. बोटं तीच, अंगठे एकाच क्षणी वळतात. एका दिशेला जाताना तसं होत नाही. उजवा अंगठा एफवर वळतो, डावा हात एवर. त्या गोंधळात एकच खूण हाती लागते: ई आणि ए, या दोन सुरांवर दोन्ही हातांची तिसरी बोटं भेटतात. मुलाला तिथे क्षणभर थांबू द्या.