उंदराच्या पोटात माणसाचे जीवाणू का सोडतात?

नमस्कार मंडळी! "तुमचं वजन तुमच्या आतड्यातले जीवाणू ठरवतात", अशी बातमी तुम्ही कधी ना कधी वाचली असेल. अशा बातमीच्या मुळाशी पुष्कळदा एक उंदीर असतो. आज त्याच्याबद्दल बोलूया.

हा उंदीर जन्मापासून पारदर्शक प्लॅस्टिकच्या बंद तंबूत राहतो. आत येणारी हवा गाळलेली. खाणं, पाणी, अंथरलेला भुसा, सगळं निर्जंतुक केलेलं. त्याला हात लावायचा तर तंबूलाच जोडलेल्या रबरी हातमोज्यांतून. त्याच्या आतड्यात एकही जीवाणू नाही, म्हणून तो जर्म-फ्री, जंतुमुक्त उंदीर. हातमोज्याला बारीकसं भोक पडलं तरी सगळी मेहनत वाया!

आता त्याच्या रिकाम्या आतड्यात जीवाणू आणायचे कुठून? माणसाच्या विष्ठेतून. नाक मुरडू नका, खरी करामत इथेच आहे. नमुना आधी उणे 80 अंश सेल्सिअसवर गोठवून ठेवतात. आतड्यातल्या बहुतेक जीवाणूंना ऑक्सिजन सोसत नाही. म्हणून पुढे ऑक्सिजन काढून टाकलेल्या पेटीत तो खारट द्रावणात कालवायचा, गाळायचा आणि बोथट टोकाच्या नळीने थेट उंदराच्या जठरात सोडायचा. किती? साधारण 0.2 मिलिलिटर. चार थेंब!

या चार थेंबांनी काय होतं? 2004 साली अमेरिकेत, सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात, जेफ्री गॉर्डन यांच्या गटाने साध्या उंदरांचे जीवाणू जंतुमुक्त उंदरांना दिले. 14 दिवसांत त्यांच्या अंगातली चरबी सुमारे 60 टक्क्यांनी वाढली. आणि खाणं? ते उलट कमी झालं होतं.

2013 मध्ये याच गटाने जुळ्या बहिणींच्या चार जोड्या घेतल्या. प्रत्येक जोडीत एक बहीण लठ्ठ, एक सडपातळ. लठ्ठ बहिणीचे जीवाणू मिळालेल्या उंदरांच्या अंगावर जास्त चरबी चढली. मग त्यांनी दोन्ही प्रकारचे उंदीर एकाच पिंजऱ्यात ठेवले. उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात, त्यामुळे जीवाणूंची देवाणघेवाण आपोआप झाली. सडपातळ बहिणीकडचे जीवाणू दुसऱ्याच्या आतड्यात जाऊन बसले आणि चरबी वाढायची थांबली. पण हे कधी? खाण्यात चरबी कमी आणि भाज्या-फळं भरपूर असतील तेव्हाच. तेलकट, चोथा नसलेलं खाणं दिलं, तर ते जीवाणू तिथे टिकलेच नाहीत. बातम्यांतून नेमकी हीच गोष्ट गळते, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

लेंड्यांची ही सवय हिशेबातही गोंधळ घालते. एका पिंजऱ्यातल्या पाच उंदरांचे जीवाणू सारखेच होऊन जातात. म्हणजे पाच उंदीर मोजले तरी उत्तर एकच! आणि एकाच माणसाची विष्ठा वीस उंदरांना दिली, तरी माणूस एकच. 2020 साली 'सेल' या नियतकालिकात एक आढावा आला. माणसाचे जीवाणू उंदरांना दिलेल्या 38 अभ्यासांपैकी 36 अभ्यासांत म्हणे आजाराची लक्षणंही उंदरात उतरली. 95 टक्के! खुद्द आढावा घेणाऱ्यांनाच हे पटलं नाही, आणि मलाही पटत नाही. माणसाच्या आतड्यातले सगळे जीवाणू उंदरात तगतसुद्धा नाहीत.

मग हे प्रयोग करायचेच कशाला? त्यासाठी ढाक्याला जाऊ. तिथली आयसीडीडीआर,बी ही आरोग्य-संशोधन संस्था आणि गॉर्डन यांचा गट, दोघांनी मिळून कुपोषित बाळांसाठी पूरक आहार शोधला. आधी बाळांच्या आतड्यातले जीवाणू दिलेल्या उंदरांवर आणि डुकराच्या पिल्लांवर पाहिलं, की कोणतं खाणं दिल्यावर बाळाच्या वाढीला हवेत ते जीवाणू वाढतात. निवड कशाची झाली? हरभऱ्याचं पीठ, सोयाबीनचं पीठ, शेंगदाणे आणि केळं. मेळघाटातल्या बाळांच्या बातम्या वाचत वाढलेल्या माणसाला ही यादी ऐकून काय वाटतं, ते मी वेगळं सांगायला नको.

मग ढाक्यातल्याच मीरपूरच्या वस्तीतल्या 12 ते 18 महिन्यांच्या 123 बाळांना घेऊन तपासणी झाली. निम्म्यांना हा आहार, निम्म्यांना नेहमीचा तयार पूरक आहार, तीन महिने. 2021 मध्ये निकाल छापून आला. नव्या आहारात उष्मांक कमी होते, तरीही त्या बाळांचं वजन उंचीच्या मानाने जास्त वेगाने वाढलं.