जुनी विहीर, आडवं बोअर

(विहिरीत खाली उतरणारा कॅमेरा)

साक्री तालुक्यातली ही सहा परस, म्हणजे सहा पुरुष खोल विहीर. काठाच्या दगडावर मोटेच्या दोरानं पडलेले घळ अजून आहेत. आता मार्च लागला की मोटर अर्ध्या तासात हवा धरते.

(यारीच्या दोराला लटकलेलं मशीन)

आज तिच्यात आडवे बोअर मारायचे आहेत. मिस्त्री आधी मशीनला हात लावत नाही, भिंतीला लावतो. ओल कुठे आहे, दगड कुठे भुसभुशीत आहे, ते बोटांनी चाचपतो.

कारण इथला काळा दगड एकसंध नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला. दोन थरांच्या सांध्यातून, मांजऱ्या म्हणतात त्या सच्छिद्र दगडातून पाणी आडवं चालतं. उभं बोअर हा सांधा एकाच जागी छेदतं आणि पुढे शेकडो फूट कोरड्या कातळात उतरतं. कर्ज मात्र फुटाफुटानं वाढतं. आडवं बोअर सांध्याच्या पोटातूनच जातं.

(ड्रोन : माळावरची सरळ दगडी रांग)

ही रांग कुणी रचलेली नाही. भेगेत थिजलेल्या लाव्हाची ही भिंत, म्हणजे डाईक. धुळे-नंदुरबारात अशा पुष्कळ आहेत. कधी पाणी हिच्या पलीकडे अडतं आणि विहीर राहते अलीकडे.

तेलवाल्यांनाही असंच आडवं शिरावं लागलं. 1974 साली मुंबईजवळ समुद्रात, मुंबई हायला तेल लागलं. ते क्षेत्र थकल्यावर जुन्या विहिरींतूनच आडवे फाटे काढून चुनखडीच्या थरात राहिलेलं तेल मिळवलं गेलं. आपल्या बापजाद्यांनी पहारीनं खोदलेली विहीरही एवढ्या कष्टाच्या लायकीची आहे. नवं बोअर पाडण्याआधी तिच्यात एकदा उतरून बघा.

(विहिरीचा तळ, धूळ)

पहिल्या दोन छिद्रांतून नुसता भुगा आला. तिसरं पूर्वेकडे, सळई किंचित चढती ठेवून.

‘पानी उनं!’

(निवेदन नाही. फक्त पाण्याचा आवाज.)

शेजारच्या विहिरीचा झरा आडव्या बोअरनं तुटू शकतो, आणि पावसानं दगा दिला तर हे पाणीही आटतं.

मशीन वर आलं. यारी पुढच्या शेताकडे निघाली. तिथली विहीर आठ परस आहे.