सुकामेव्याचे स्कोन

‘सुकामेवा’ हा एकच शब्द आपण बदाम-अक्रोडांनाही वापरतो आणि बेदाणे-जर्दाळूंनाही. बोलण्यापुरते ते ठीक आहे. परंतु स्कोनच्या, म्हणजे चहाबरोबर खायच्या छोट्या, पावासारख्या पदार्थाच्या, पिठात हे दोन्ही गट अगदी वेगळे वागतात, आणि घरी केलेले स्कोन कोरडे किंवा बेचव झाले तर हा फरक विसरला गेला आहे का, ते मी आधी पाहते. म्हणून आज कृती थोडक्यात सांगून मी सुकामेव्याकडेच अधिक लक्ष देणार आहे.

स्कोन मूळचा स्कॉटलंडमधला, तव्यावर भाजला जाणारा साधा पदार्थ. अल्फ्रेड बर्ड यांनी १८४३ मध्ये बेकिंग पावडर तयार केली, आणि अशी पावडर पुढे घरोघरी पोहोचल्यावर आजचा उंच, हलका, ओव्हनमधला स्कोन रूढ झाला.

प्रमाण असे: २५० ग्रॅम मैदा, ३ छोटे चमचे बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, ४० ग्रॅम साखर, ६० ग्रॅम बटर आणि सुमारे १४० मिलिलिटर दूध. बटर फ्रिजमधून नुकतेच काढलेले असावे आणि ते मोहनासारखे, पण तळव्याने नव्हे तर बोटांच्या टोकांनी चोळावे. मैद्याच्या कणांवर स्निग्धाचा लेप बसला की ग्लूटेनचे, म्हणजे मैद्यातल्या चिवट प्रथिनाचे, जाळे फार बळकट होत नाही आणि स्कोन खुसखुशीत राहतो. बटरचे जे बारीक तुकडे उरतात त्यांच्यातल्या पाण्याची ओव्हनमध्ये वाफ होते आणि ती पिठाला उचलते.

आता बेदाणे, मनुका, जर्दाळू यांच्याकडे वळू. यांना पाण्याची ओढ असते. ते कोरडेच घातले तर पिठातले दूध शोषून घेतात आणि प्रत्येक बेदाण्याभोवतीचा भाग रखरखीत होतो. त्यांना १५-२० मिनिटे गरम पाण्यात ठेवावे, निथळावे आणि स्वच्छ फडक्यात दाबून टिपावे. दोन बोटांत धरलेला बेदाणा मऊ लागला पाहिजे, पण त्यातून थेंब गळता कामा नये. ओलावा राहिला तर पीठ तिथेच चिकट होते.

बदाम-अक्रोडांची गरज नेमकी उलट आहे. त्यांना पाणी नको, उष्णता हवी. स्कोन ओव्हनमध्ये असतो जेमतेम १२ ते १५ मिनिटे, आणि त्याचा गाभा ओलसर असल्यामुळे तेथील तापमान १०० अंशांच्या वर जात नाही. म्हणजे आतला अक्रोड शिजतो, पण भाजला जात नाही. त्यामुळे तो आधीच १७० अंशांवर ८-१० मिनिटे भाजून घ्यावा, कोमट असताना फडक्यात चोळून सुटेल तेवढी कडवट साल काढावी आणि पूर्ण गार होऊ द्यावा. एकदा घाईत मी गरम अक्रोडच पिठात मिसळले. बोटांखाली बटर वितळताना कळले, पण तोवर उशीर झाला होता, आणि ते स्कोन फुगण्याऐवजी पसरले.

दोन्ही मिळून १०० ग्रॅम पुरे; त्याहून जास्त घातले तर पीठ नीट बांधले जात नाही. हा मेवा मोहन चोळून झाल्यावर, पण दुधाच्या आधी घालावा, म्हणजे तो सगळीकडे सारखा पसरतो आणि ओले पीठ फार मळावे लागत नाही. दूध घातल्यावर पीठ जेमतेम गोळा झाले की थांबावे. अडीच सेंटिमीटर जाडीचा थर थापून साचा सरळ खाली दाबावा, फिरवू नये. साचा फिरवला की कडा चिणल्या जातात आणि स्कोन तिरका फुगतो. मोठा तुकडा आड आला की मनगट आपोआप वळते, म्हणूनच अक्रोड वाटाण्याएवढेच चिरावेत, असा माझा आग्रह आहे.

वर आलेले बेदाणे करपून कडू होतात; ते आत दाबून द्यावेत. दुधाचा हात फक्त वरच्या बाजूला फिरवावा, कडांवर ओघळू देऊ नये. मग स्कोन जवळजवळ मांडून २२० अंशांवर भाजावेत आणि गरम असतानाच सुरी न लावता हाताने उकलावेत.