पोरक्या वासराचं पहिलं दूध

शेतकरी बंधू-भगिनींनो, रामराम.

दोन वर्षांपूर्वी पौषातल्या एका पहाटे शेजारच्या वस्तीवरचा पोरगा गोणपाटात गुंडाळलेली कालवड घेऊन दारात उभा राहिला. गाय व्याल्यापासून चौथ्या दिवशी गेली आणि पुढचे दोन दिवस हिच्या पोटात धड काही गेलं नव्हतं. जात खिलार. काट्याला टांगली तर भरली 18 किलो. डोळे खोल गेलेले, मान टाकलेली. पोरगा म्हणाला, "काकी, आधी दूध पाजा हिला."

मी दूध पाजलं नाही. तिच्या तोंडात बोट घातलं. जीभ गार होती, आणि बोट चोखायचंही तिला सुचत नव्हतं.

त्याच्या आदल्या वर्षी असंच एक वासरू माझ्या हातून गेलं होतं. जीव तुटत होता म्हणून मी त्याचं तोंड उघडून बाटली ओतली. दूध फुफ्फुसात गेलं, तिसऱ्या दिवशी ते धापा टाकत गेलं. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते, जे वासरू चोखत नाही त्याच्या घशात दूध ओतू नका. गार पडलेल्या वासराला दूध पचतही नाही.

आधी ऊब द्या. आम्ही तिला कोरड्या पोत्यानं खसाखसा पुसलं, खाली कडब्याचा जाड थर घातला, वर घोंगडं टाकलं, गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून पोटाशी ठेवल्या. अंगणात उन्हं आली तेव्हा थर्मामीटर 101 च्या पुढे सरकला. पुन्हा बोट दिलं, तर तिनं ते हळूच लुचलं. त्या क्षणी मला रडू आलं.

तरीही पहिलं पाजलं ते क्षाराचं पाणी. उकळून कोमट केलेल्या पाण्यात ओआरएसची पुडी तिच्यावर लिहिलेल्या मापानं कालवली आणि त्यातलं अर्धा लिटर पाजलं. घरी करायचं तर मिठासोबत ग्लुकोज घाला, साखर नको. एवढ्या लहान वासराच्या आतड्याला साखर पचत नाही. दोन तासांनी गाईचं दूध, फक्त 300 मिली. असं दिवसातून पाच वेळा. उपाशी पोटावर एकदम दोन लिटर ओतलं की हगवण ठरलेलीच. आठवड्याभरात आम्ही तीन वेळांत अडीच लिटरवर आलो.

दूध धारोष्ण असतं तितकंच गरम हवं. बाळाचं बघतो तसं मनगटावर थेंब टाकून बघा. बाटली गाईच्या आचळाच्या उंचीला धरा, म्हणजे वासराची मान पुढे लांब होते. लुचताना त्याच्या पोटातली खोबण मिटून नळी होते आणि दूध थेट पोटाच्या चार कप्प्यांपैकी चौथ्यात उतरतं.

चौथ्या दिवशी पांढरी हगवण लागलीच. दूध बंद केलं नाही. दोन दुधांच्या मधे क्षाराचं पाणी देत राहिलो. शेणात रक्त दिसलं, ताप चढला किंवा लुचणं थांबलं तर मात्र डॉक्टरांना त्याच दिवशी बोलवा. जंताचं औषधही त्यांनाच विचारून द्या. दुसऱ्या आठवड्यापासून दूध पिऊन झालं की चिमूटभर भरडा जिभेवर चोळायचा, समोर चांगलं गवत आणि स्वच्छ पाणी ठेवायचं. ती आपणहून तोंड घालू लागते.

आमची कालवड वाचली, कारण आई जाण्याआधी तिला चीक, म्हणजे व्याल्यावरचं पहिलं घट्ट दूध, मिळाला होता. गाईच्या पोटात असताना वासराला आईकडून रोगाशी लढायची ताकद मिळत नाही. ती मिळते चिकातून. व्याल्यावर पहिल्या दोन तासांत चीक पोटात गेला तर उत्तम. दिवस उलटला की आतडं ती ताकद आत घेईनासं होतं. विताना गाय गेली तर हा चीक कुठून आणायचा?

आपल्याकडे कुणाची गाय व्याली की खरवसाची वाट बघतात. मलाही आवडतो. पण पहिल्या धारेचा चीक वासराला पोटभर पाजून उरला, तर लिटरभर स्वच्छ बाटलीत भरून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवा. काही महिने टिकतो. लागेल तेव्हा हात बुडवता येईल इतक्याच गरम पाण्यात बाटली ठेवून वितळवा. चुलीवर ठेवलात तर बाटलीतच खरवस होईल आणि वासराच्या कामाचं काही उरणार नाही. बाटलीवर तारीख लिहा, आणि वस्तीवर सगळ्यांना सांगून ठेवा की ती तुमच्याकडे आहे.