लाभ होणार नाही, असं लिहिलेली जाहिरात
(सदाशिव पेठेतल्या एका ज्येष्ठ नागरिक संघात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय, 'संशोधनाची खरी जाहिरात ओळखता येते का?' येतेच, अशी निम्म्या चेहऱ्यांवर खात्री दिसतेय. पुण्यात फसतो तो नेहमी शेजारचा.

आधी माझी तक्रार ऐका. मी मानसशास्त्र शिकवतो. माझी एक विद्यार्थिनी झोप आणि स्मरणशक्ती यांवर पीएचडी करतेय. तिला साठीपुढची माणसं हवीत. आम्ही एक कागद टाइप केला, झेरॉक्स काढल्या, खाली फोन नंबरच्या पट्ट्या कात्रीने कापल्या. 'सहभागी हवेत. दोन तास लागतील. सहभाग ऐच्छिक. थेट लाभ होणार नाही. रिक्षाभाडं मिळेल.' लाभाचं वाक्य संशोधन तपासणाऱ्या नैतिकता समितीने घालायला लावलं. आता मला सांगा, 'लाभ होणार नाही' असं लिहिलेली जाहिरात या शहरात कोण वाचणार? (हशा) सोसायटीच्या फलकावर लावली. सेक्रेटरींनी दुसऱ्याच दिवशी फाडली. म्हणाले, "सर, फ्रॉड दिसतोय. नंबर मोबाइलचा आहे." म्हटलं, अहो, नंबर माझाच आहे. तर म्हणे, "म्हणूनच तुम्हाला आधी सांगतोय."

हेच गृहस्थ पंधरा दिवसांनी फोन घेऊन माझ्या दारात. टेलिग्रामवर 'ग्राहक वर्तन संशोधन'. गोल शिक्का, पांढऱ्या कोटातली बाई, सगळं झकपक. हॉटेलांना पाच तारे द्यायचे, दर हॉटेलमागे पन्नास रुपये. पहिल्या दिवशी दीडशे खरंच जमा झाले. त्यांची त्यांनी बाकरवडी आणली. दोन मीही खाल्ल्या, म्हणजे गुन्ह्यात थोडी भागीदारी माझी. मग 'प्रीपेड टास्क': हजार भरा, तेराशे घ्या. मिळाले. मग पाच हजार. मग खातं गोठलं आणि ते सोडवायला अठरा हजार. तेव्हा त्यांना सर आठवले. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन मी लावला. ते नुसते रिकाम्या पुड्याकडे बघत होते.

(आयोजकांची चिठ्ठी: पाच मिनिटं.) बरं. ज्यासाठी बोलावलंत, ते आता पळत पळत.

सेक्रेटरींच्या चुका दोन झाल्या. खरं नाकारलं आणि खोटं घेतलं. आपण मोजतो ती फक्त दुसरी. दुसऱ्या महायुद्धात रडारसमोर बसलेल्यांचा प्रश्न हाच होता: हा ठिपका विमान की नुसता गोंगाट? प्रत्येक ठिपक्याला 'विमान' म्हणणाऱ्याच्या हातून एकही विमान सुटत नाही, पण त्याला विमान ओळखता येतं असं कोण म्हणेल? ग्रीन आणि स्वेट्स या मानसशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये हे मानसशास्त्रासाठी नीट बांधून दिलं: खऱ्याखोट्याची पारख वेगळी, एकाच उत्तराकडे झुकायचा कल वेगळा. सगळ्यालाच फ्रॉड म्हणणारा पुणेकर सावध खरा, पण त्याची पारख शून्य. 'सावध राहा'च्या पाट्यांनी कल हलतो. पारख वाढली का, हे खऱ्या आणि खोट्या दोन्ही जाहिराती पुढ्यात ठेवल्याशिवाय कळणार नाही.

आणि दिसण्यावर तर जाऊच नका. खरी जाहिरात मुळात कळाहीन असते, कारण आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार खर्च भरून देता येतो, पण आमिष वाटेल इतका मोबदला चालत नाही. म्हणजे भुरळ घालायला तिला बंदीच! सहभागासाठी तुमच्याकडेच पैसे मागितले, तर विषय तिथेच संपला. औषधाची चाचणी असेल तर सीटीआरआय, म्हणजे देशातल्या अशा चाचण्यांच्या नोंदवहीतला, क्रमांक विचारा. ही नोंदवही २००७ पासून आहे, जून २००९ पासून नोंदणी सक्तीची, आणि घरबसल्या फुकट बघता येते. क्रमांक चोरताही येतो, म्हणून नोंद उघडा आणि फोन तिथल्या नंबरावर करा, जाहिरातीतल्या नव्हे. आमच्यासारखा झोपेचा अभ्यास त्या वहीत सापडेलच असं नाही. तिथे नैतिकता समिती कुठली ते विचारा आणि कॉलेजचा नंबर स्वतः शोधून फिरवा. माझा मोबाइल नको, सेक्रेटरींचं तेवढं बरोबर होतं.

घंटा झाली. विद्यार्थिनीला अजून अकरा माणसं हवीत. कागद दाराशी ठेवलेत, पट्ट्या कापलेल्या आहेत.